माळ, गाळ आणि पाणी : बार्शी परिसरातील पाणथळी

बार्शी तालुका बालाघाटाच्या पायथ्याशी वसला आहे. येडशीच्या बाजूला डोंगराची कडा लागते. कड्यापलीकडे पडलेला पाऊस तेरणेतून मांजरेला आणि पुढे गोदावरीला मिळतो. अलीकडे पडलेला भोगावती, नागझरीच्या वाटेने सीनेत आणि सीनेतून भीमेत जातो. सोलापूर जिल्ह्यात हा त्यातल्या त्यात बऱ्या पावसाचा भाग मानला जातो. तरीही वर्षाची सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपासच. हा पाऊस मोठे खंड देत पडतो आणि बराचसा परतीच्या दिवसांवर अवलंबून असतो. खोल काळ्या रानात रब्बी ज्वारी आणि हरभरा येतो. जिथे मुरूम वर आला आहे तिथे माळ आहे, आणि माळावर कुसळी, पवना, मारवेल ही गवते आणि त्यावर जगणारी शेळ्या-मेंढ्यांची खांडवी.

या मुलखात नैसर्गिक सरोवर नाही. जे साठलेले पाणी दिसते ते सगळे माणसाने अडवलेले. सोलापूरच्या ईशान्येला अदिला नदीवर बांधलेला एकरुख, म्हणजे लोकांच्या तोंडी हिप्परग्याचा तलाव, १८७१ साली पुरा झाला. १८७६-७७ च्या दुष्काळात खडी फोडायला आणि माती उपसायला लावलेल्या हातांनी आष्टीचा तलाव उभा राहिला. १९७२ च्या दुष्काळाने गावोगाव पाझर तलाव दिले. भोगावतीवरचा पानगावजवळचा हिंगणी प्रकल्प, नागझरीवरचा जवळगाव प्रकल्प आणि ढाळे पिंपळगावसारखे लहान तलाव ही बार्शी तालुक्याची अलीकडची भर. पश्चिमेला भीमेवर १९८० मध्ये उजनीचे धरण पूर्ण झाले आणि सुमारे ११७ टीएमसी पाण्याचा विस्तार तयार झाला. एकही तलाव पक्ष्यांसाठी बांधलेला नव्हता. हेतू पिण्याच्या पाण्याचा, ओलिताचा आणि दुष्काळात हाताला काम देण्याचा. पक्षी त्यामागून आले, आणि आज मध्य आशियातून दक्षिणेकडे येणाऱ्या पाणपक्ष्यांच्या वाटेवर हे तलाव थांब्याची ठिकाणे झाले आहेत.

हे तलाव पाहायला निघणाऱ्याने महिना नीट निवडावा. गणपती-नवरात्रात चांगला पाऊस होऊन तलाव काठोकाठ भरलेला असला, की देखावा सुंदर असतो पण पक्षी थोडे. वारकरी, टिबुकल्या, हळदीकुंकू बदके आणि पाणकावळे एवढेच बहुधा दिसतात. खरा हंगाम डिसेंबरनंतरचा. कालवे सुटतात, विहिरी-मोटारी उपसा करतात, पाणी हाताहाताने मागे सरकते आणि मागे ओल्या गाळाचा पट्टा उघडा पडतो. या गाळात अळ्या, गोगलगायी, कृमी आणि पाणवनस्पतींचे कंद असतात. शेकाट्या घोटाभर पाण्यात उभा राहून टिपतो, तुतवार अगदी काठावरून धावतो, काळ्या शेपटीचा पाणटिवळा लांब चोच गाळात मुळापर्यंत खुपसतो, थापट्या रुंद चोचीने पाणी गाळतो. प्रत्येकाच्या पायाची आणि चोचीची लांबी वेगळी, म्हणून प्रत्येकाला लागणारी पाण्याची खोलीही वेगळी. तलावात पाणी किती आहे यापेक्षा उथळ काठ किती रुंद आहे यावर पक्ष्यांची संख्या ठरते. पाणथळ राखण्याचा सगळा विचार या एका गोष्टीभोवती फिरतो, आणि नेमकी हीच गोष्ट योजनांमध्ये सुटते.

बार्शीहून सोलापूरचा रस्ता पानगाव, वैराग, वडाळा, नान्नज, कारंबा असा जातो. अंतर सुमारे सत्तर किलोमीटर. या एका रस्त्यावर दोन्ही प्रकारची भूमी पाहायला मिळते. पानगाव-वैराग पट्ट्यात तलावांची आणि ओढ्यांची, तर वडाळ्यापासून पुढे गवताळ माळांची. नकाशावर त्या दोन वेगळ्या रंगांनी दाखवल्या जातात, पण पक्ष्यांच्या दृष्टीने ती एकच वस्ती आहे.

पखुर्डीचे उदाहरण घ्यावे. कबुतराएवढा, मातकट रंगाचा हा पक्षी दिवसभर कोरड्या माळावर गवताचे बी टिपत फिरतो. बी कोरडे, त्यामुळे पाणी प्यायलाच हवे. सूर्य दोन-तीन कासरे वर आला की पखुर्ड्यांचे थवे ओळखीचा आवाज काढत तलावावर येतात. थेट पाण्यावर उतरत नाहीत. काठापासून थोडे दूर, उघड्या जमिनीवर उतरून चहूकडे पाहतात, मग झपझप चालत पाण्यापाशी जातात, काही घोट घेतात आणि उडून जातात. सगळा व्यवहार मिनिटाच्या आत आटोपतो. पिल्ले असलेला नर मात्र थोडा अधिक थांबतो. तो पाण्यात पोटापर्यंत उतरतो, अंग हलवून पोटाची पिसे भिजवतो. या पिसांच्या तंतूंची रचना अशी की त्यांत पाणी धरून राहते. तसाच उडत तो माळावरच्या पिल्लांकडे जातो आणि पिल्ले त्याच्या पोटाखाली शिरून पिसांतले पाणी चोखतात. एवढ्या या व्यवहाराला सपाट, मोकळा, झुडपे नसलेला काठ लागतो. बेशरमाची किंवा वेड्या बाभळीची दाटी काठावर झाली की तिच्याआड मांजर, मुंगूस, शिकारी पक्षी लपू शकतात, आणि पखुर्डी तो काठ सोडते. जेसीबीने काठ उभा कापला तर तिला पाण्यात उतरताच येत नाही. तलाव भरलेला असतो, माळ शाबूत असतो आणि दोहोंमधले वीस पावले अंतर बिघडल्याने पक्षी नाहीसा होतो.

उलट दिशेनेही हेच घडते. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब दिवसा तलावाच्या मोकळ्या काठावर विसावतात आणि संध्याकाळी हरभऱ्याच्या, गव्हाच्या रानात चरायला जातात. त्यांची वीण लडाख, तिबेट आणि मंगोलियातल्या उंच सरोवरांवर होते. कांड्या करकोचे रात्री उथळ पाण्यात उभे राहतात. पाण्यामुळे कोल्हा-कुत्र्याची चाहूल लागते. भोवत्या दिवसभर माळावर नाकतोडे आणि उंदीर हेरत फिरतात आणि अंधार पडताना उंच गवतात जमिनीवरच मुक्कामाला उतरतात. पांढुरका भोवत्या, जो संकटग्रस्त प्रजातींच्या जागतिक यादीत धोक्याच्या उंबरठ्यावर मानला जातो, तो याच माळांवर हिवाळा काढतो.

वडाळा ओलांडल्यावर नान्नजचा माळ लागतो. सोलापूरचे बी. एस. कुलकर्णी यांनी १९७० च्या दशकात इथल्या माळढोक पक्ष्यांकडे लक्ष वेधले आणि १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. सोलापूर आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतले सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र एका सहीने अभयारण्य झाले. त्यात शेते होती, गावे होती, तालुक्याची शहरेही होती. एवढ्या क्षेत्रात जमीन खरेदी-विक्रीपासून रस्त्यापर्यंत प्रत्येक कामाला अडथळा येऊ लागला आणि माळढोक हा शेतकऱ्याच्या डोक्यावरचा बोजा ठरला. पुढे फेररचना होऊन क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. मधल्या काळात पक्ष्याबद्दल लोकांच्या मनात साचलेली अढी मात्र फेररचनेने गेली नाही. पक्षी राखण्याचे काम कागदावर मोठे आणि जमिनीवर लहान ठेवले की काय होते, याचा हा महाराष्ट्रातला सर्वांत महागडा धडा आहे.

नान्नजला जे काम खरोखर झाले ते छोट्या तुकड्यांत. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली काही माळ चराईबंद करून गवत वाढवले गेले. याच तुकड्यांवर माळढोक विणीला येत असत. १९८० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी, त्यांत असद रहमानी प्रमुख, इथे वर्षानुवर्षे निरीक्षणे घेतली. माळढोकाची मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. गाय, मेंढी किंवा कुत्रे तिथून गेले तरी वीण वाया जाते. पण चराई कायमची बंद करूनही भागत नाही. गवत छातीभर वाढून आडवे पडले की माळढोकाला चालणे आणि दूरवर पाहणे कठीण होते. माळटिटवी आणि धाविक यांना तर आखूड गवतच लागते. पावसाळ्यात वीण होईपर्यंत बंदी आणि त्यानंतर मर्यादित चराई किंवा कापणी हा मेंढपाळ आणि पक्षी दोघांनाही परवडणारा मार्ग आहे. माळावर गिरिपुष्प, सुबाभूळ लावून हिरवाई वाढवण्याचे प्रयोग मात्र गवताळ पक्ष्यांच्या मुळावर आले. माळ ही पडीक जमीन, म्हणून झाडे लावा, ही समजूत वनखात्याबाहेरही खोल रुजली आहे आणि ती चुकीची आहे.

माळढोक २०११ पासून जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे. देशात शिल्लक राहिलेले बहुतेक पक्षी राजस्थानात जैसलमेरच्या आसपास आहेत. तिथे २०१९ पासून कृत्रिम प्रजननाचे केंद्र चालते. नान्नजला आज माळढोक दिसणे ही वर्तमानपत्राची बातमी होते. माळावर अजून काळवीट आहेत, लांडगा आहे, पखुर्डी आहे. लांडग्याचे राहणे धनगराच्या मेंढ्यांमुळेच शक्य झाले आहे, आणि मेंढ्या गेल्या तर धनगर त्या रानाची दखल घेणे सोडेल, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

मेंढपाळाची आणि पाणथळीची गाठ तर अधिकच जवळची. उन्हाळ्याकडे माळ वाळला की खांडवी तलावाच्या उघड्या पडलेल्या तळाकडे वळतात, कारण तिथे हिरवे लव्हाळे आणि कोवळे गवत असते. मेंढ्या चरत असतात त्या ठिकाणी पिवळे धोबी त्यांच्या पायांमधून धावताना दिसतात. खुरांनी उडालेले किडे त्यांना आयते मिळतात. गायबगळे म्हशींच्या मागे असतात. लेंडी-शेणाने गाळात किडे वाढतात. बेताची चराई काठ मोकळा ठेवते आणि बेशरमाला डोके वर काढू देत नाही. त्रास होतो तो दोन वेळा. एकदा मार्च ते मे, जेव्हा नदी सुरय, छोटे आर्ली आणि टिटव्या उघड्या तळावर आणि बेटांवर अंडी घालतात. उजनीत पाणी उतरले की ही बेटे काठाला जोडली जातात, मग जनावरे आणि त्यांच्यामागची कुत्री थेट घरट्यांपर्यंत पोहोचतात. नदी सुरय आज जागतिक यादीत असुरक्षित आहे. तिचा भाऊबंद काळ्या पोटाचा सुरय त्याहून बिकट, संकटग्रस्त गटात. दुसरा त्रास दुष्काळी वर्षात, जेव्हा पंचक्रोशीतली सगळी जनावरे एकाच डबक्यावर येतात. तेव्हा पक्ष्यांना काय, माणसांनाही पाणी पुरत नाही, आणि त्या वर्षी कोणतेही नियम चालणार नाहीत हे मान्य करूनच बाकीच्या वर्षांचे नियोजन करावे लागते.

चराईपेक्षा मोठा फरक शेतीने पाडला आहे. तलावाचे पाणी ज्वारीसाठी एखाद-दुसरे पाणी देण्याच्या हिशेबाने अडवलेले असते. ते आता उसाला जाते, आणि सोलापूर हा राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. बार्शीच्या बाजूला द्राक्षबागाही वाढल्या. उपसा वाढल्याने पाणी हळूहळू उतरण्याऐवजी भरभर उतरते. गाळाचा ओला पट्टा तयार होतो न होतो तोच वाळून भेगाळतो. जिथे ओल टिकते तिथे गाळपेर होते. बुडीत क्षेत्रातली जमीन पाणी हटताच नांगरून त्यात हरभरा, मका, भाजी किंवा चारा घेतला जातो. धरणाखाली जमीन गेलेल्या कुटुंबांसाठी गाळपेर हा हक्काचा आधार आहे, ती बंद करा असे सांगणे अन्यायाचे. मात्र नांगर पाण्याच्या कडेपर्यंत न नेता शेवटची पन्नास-शंभर पावले पट्टी मोकळी सोडणे आणि त्या पट्टीजवळ फवारणी टाळणे एवढे करता येते. पट्टकदंब तर गाळपेरीच्या हरभऱ्यावर चरतात, तेव्हा शेतकऱ्याचे होणारे नुकसानही कोणी तरी मोजून भरून दिले पाहिजे.

गाळ काढण्याच्या कामाचे तसेच. २०१७ पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आली. गाळ शेतात जातो, मुरमाड रान सुधारते, तलावाची साठवण वाढते. हा लाभ खरा आहे. पण गाळ सगळीकडून, मिळेल तिथून, उभ्या कापाने काढला की उथळ काठ नाहीसा होतो. नाशिक जिल्ह्यातले नांदूर मध्यमेश्वर पाहिले तर उलट चित्र दिसते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला तो बंधारा गाळाने भरत गेला, बेटे आणि दलदल तयार झाली आणि त्यामुळेच तिथे पक्षी आले. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले, २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाले. बार्शीच्या तलावात गाळ राहू द्यावा असे म्हणता येणार नाही. पाण्याची गरज तीव्र आहे. तोडगा मधला आहे. गाळ भिंतीजवळच्या खोल भागातून काढावा, पाणी जिथून आत येते त्या शेपटाकडचा उतार तसाच ठेवावा. तिथे साठा तसाही थोडाच असतो.

कायद्याची बाजू लंगडी आहे. केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ नियमांत पिण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेले जलसाठे व्याख्येतूनच वगळले आहेत. सगळेच तलाव मानवनिर्मित असलेल्या सोलापूरसारख्या जिल्ह्याला या नियमांचा जवळजवळ उपयोग नाही. शिवाय एका तलावाचे धनी अनेक. भिंत आणि पाणी जलसंपदा विभागाचे, लहान तलाव जलसंधारण विभागाचे किंवा जिल्हा परिषदेचे, मासळीचा ठेका मच्छीमार संस्थेचा, लगतचे गायरान ग्रामपंचायतीच्या ताब्यात, पक्षी वनखात्याचे. मच्छीमाराचे बारीक आसाचे जाळे काठावर पसरले तर त्यात बदके अडकतात, पण ठेक्याच्या अटीत त्याबद्दल शब्द नसतो. गायरानावर अतिक्रमण झाले की मेंढ्या काठावर दाटतात, पण ही दोन प्रकरणे दोन कचेऱ्यांत राहतात.

राजस्थानातल्या उदयपूरजवळच्या मेनार गावाने कायद्याची वाट पाहिली नाही. गावतळी गावानेच राखली, मासेमारी बंद ठेवली, आणि २०२५ मध्ये मेनार रामसर यादीत गेले. कच्छमध्ये बन्नीच्या गवताळ पट्ट्याच्या कडेला छारी-ढंढ हे हंगामी सरोवर आहे. भोवती मालधारी पशुपालकांची गुरे चरतात आणि हिवाळ्यात तिथे करकोच्यांची दाटी होते. २००८ मध्ये गुजरातने त्याला संवर्धन राखीव क्षेत्र केले, चराई चालू ठेवून. बार्शीला या दोन्हींतून घेण्यासारखे आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही दिली आहे. नोंदवहीत तलावाचा कोणता काठ कोणत्या महिन्यात कशासाठी लागतो हे लिहिले गेले, तर गाळाचा ठेका, मासळीचा ठेका आणि गाळपेरीचे वाटप करताना त्या पानाचा आधार घेता येईल. नान्नजसारखे हजारो चौरस किलोमीटर रेखाटण्याची गरज नाही. चार-पाच तलावांचे शेपटाकडचे उतार आणि त्यांना लागून असलेले गायरान एवढे राखले तरी बार्शी-वैराग पट्ट्याला पुष्कळ झाले.

हा भाग पाहायला येणाऱ्याने डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. बार्शीत मुक्काम करून सकाळी हिंगणी किंवा जवळगाव, तिथून वैरागमार्गे नान्नज आणि संध्याकाळी हिप्परगा, असा दिवस लावता येतो. हिप्परगा आणि सोलापूरच्या दक्षिणेचा होटगी तलाव या दोन्हींवर पाणी उतरल्यावर रोहित पक्षी येतात. उजनीसाठी कुर्डुवाडी-टेंभुर्णीच्या बाजूने वेगळा दिवस ठेवावा. उजनीच्या काठावरच्या भिगवणला होड्या मिळतात, पण रोहितांच्या थव्यात होडी घालायला नावाड्याला सांगू नये. उडालेला थवा दिवसाच्या खाण्याचा वेळ गमावतो. दुर्बीण घेऊन काठापासून दूर बसावे, मेंढपाळाशी बोलावे. कोणत्या बाजूला करकोचे उतरतात हे तो सांगतो. घरट्यांचे ठिकाण आणि छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकू नये. सोलापूरला जन्मलेल्या आणि पक्षिकोश लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींनी पक्ष्यांची मराठी नावे घराघरांत पोहोचवली. ती नावे वापरून नोंदी ठेवल्या तर गावातल्या शाळांनाही त्या वाचता येतील.

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. ती १९८७ पासून चालू आहे आणि तिच्यासाठी कोणतीही पदवी लागत नाही. बार्शी तालुक्यातल्या ज्या तलावांची गणना सलग होईल, त्यांच्याच बाजूने उद्या कचेरीत आकडे मांडता येतील. तालुक्यातल्या शिक्षकांनी, महाविद्यालयांनी आणि पक्षिमित्रांनी आपल्या गावचा एक तलाव वाटून घ्यावा आणि येत्या जानेवारीपासून तो मोजायला सुरुवात करावी.